झोपाळ्याच्या फळीतलं पिस्तूल

अक्कासाहेबांनी फळी जुन्या लुगड्यात गुंडाळून आणली होती. बाकावरचा भुसा त्यांनी स्वतःच्या पदराने झटकला, लुगडं सोडलं आणि म्हणाल्या, "यातनं पिस्तुलाचा दस्ता निघेल का, तेवढं सांगा."

मी फळीकडे पाहिलं. हातभर लांब, दीड वीत रुंद. एक कड जळून कोळशासारखी झालेली, एका टोकाला भेग, कोपऱ्यात कडी अडकवायचं भोक आणि मधोमध पेरूएवढी गाठ. पण लाकूड शिसवाचं होतं आणि जुनं होतं. बोटाने टिचकी मारली तर भांड्यासारखं वाजलं.

"ही कसली फळी म्हणायची?"

"झोपाळ्याची. आबासाहेबांच्या."

"आणि बाकीचा झोपाळा?"

"बंबात गेला. थोरल्याच्या अंघोळीचं पाणी तापवायला."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मी फळीची जळकी कड पुन्हा एकदा बोटाने चाचपली.

आमचं दुकान गडहिंग्लजला बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दारावर पाटी होती, 'रंगराव लोहार, बंदूक दुरुस्ती, सरकारमान्य.' रंगराव म्हणजे माझे मालक. लोखंडाचं काम ते करत, लाकडाचं मी. मी सुताराची मुलगी. लग्नात माझ्याबरोबर दागिने फारसे आले नाहीत, पटाशा मात्र भरपूर आल्या. रानडुकरं हाकायच्या ठासणीच्या बंदुका आमच्याकडे येत, त्यांचे मोडके दस्ते मी नवे करून देई. गिऱ्हाईक दस्त्यावरून हात फिरवून रंगरावांना म्हणे, "हात आहे हो तुमचा." रंगराव मान हलवत. ते काम ते मन लावून करत.

अक्कासाहेब माहेरच्या किल्लेदार, माळगावच्या. किल्ला कुठला, हे त्या घराण्यात कुणालाही सांगता येत नसे. पण पिस्तूल होतं. कुणा पूर्वजाने ते कुठल्याशा लढाईत झाडलं होतं. लढाई कोणती, हे सांगणाऱ्यावर आणि तो जेवला आहे की नाही यावर अवलंबून असे. इंग्रज सरकारने केव्हातरी त्याच्या नळीत शिसं ओतून ते कायमचं बंद केलं, आणि तेव्हापासून त्या पिस्तुलाचा दरारा जास्तच वाढला. उडत होतं तोवर कुणी त्याला हार घातला नव्हता.

अक्कासाहेबांचे वडील आबासाहेब गेले आणि दोन मुलांत वाटण्या सुरू झाल्या. थोरले उदाजीराव, धाकटे हिंदुराव. जमीन वाटली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, भांडी वाटली. झोपाळ्यापाशी अडलं. दोघेही म्हणाले, आबासाहेब बसायचे तो झोपाळा माझा. पंचांनी मग करवत मागवली. अर्धा झोपाळा थोरल्याला, अर्धा धाकट्याला. अर्ध्या झोपाळ्यावर बसता येत नाही हे दोघांनाही घरी गेल्यावर कळलं. धाकट्याने आपला अर्धा मोरीवर झाकण म्हणून टाकला. थोरल्याच्या अर्ध्याचं काय झालं ते मला आत्ताच कळलं होतं. वडिलांचं वर्षश्राद्ध दोघांनी एकाच दिवशी, समोरासमोरच्या मांडवांत घातलं. गावातली माणसं इकडे खीर खाऊन तिकडे लाडू खायला गेली.

पिस्तुलाला मात्र करवत चालली नाही. म्हणून ते अक्कासाहेबांकडे ठेवायचं ठरलं. बहिणीने वाटणी सोडल्याची सही केव्हाच करून दिली होती, तिचा कशावरच हक्क नव्हता, म्हणून तिच्यावर दोघांचाही विश्वास होता.

"आता असं ठरलंय," अक्कासाहेब म्हणाल्या, "की याचं जुळं करायचं. हुबेहूब. मग दोन्ही समोर ठेवायची आणि एकेकानं एक उचलायचं. खरं कुठलं ते कुणालाच कळणार नाही, म्हणजे भांडण मिटलं. पंच कंटाळलेत. नव्या लाकडाचं केलं तर रंगावरून ओळखू येईल, म्हणून ही फळी आणली. गोठ्यात पडली होती, कडेनं जळकी. बंबात पुरी बसली नाही म्हणून राहिली."

त्यांनी पिशवीतून पिस्तूल काढलं. मी पहिल्यांदाच बघत होते. दीड वितीचं असेल. वाकडी मूठ, तिच्या टोकाला पितळेची टोपी, नळीखाली दारू ठासायचा गज. एवढ्याशा त्या वस्तूपायी दोन दांडगे पुरुष एकमेकांच्या बैलांकडेही बघत नव्हते.

रंगरावांनी नळी, चाप, घोडा सगळं सोडवून दिलं. रिकामा दस्ता हातात घेऊन मी आखणीला बसले. रंगरावांच्या गुडघ्याचा एक जुना एक्स-रे होता. तो धुऊन साफ केला होता, त्यावर दस्ता ठेवून टोकदार खिळ्याने कडेने ओरखडा काढला आणि कात्रीने कापला. पुठ्ठ्याचा नमुना आंधळा असतो. यातून खालच्या लाकडाच्या रेघा दिसतात, आणि आखणीत रेघाच तर बघायच्या असतात.

"बसा," मी म्हटलं, "वेळ लागेल."

"मला कुठं जायचंय?" अक्कासाहेब म्हणाल्या आणि लोखंडी खुर्ची ओढून बसल्या.

नमुना मी आधी फळीच्या वरच्या कडेला लावला. नळीखाली रेघा सरळ होत्या, छान होत्या. मुठीपाशी मात्र त्या आडव्या कापल्या जात होत्या.

"हे चालणार नाही. मूठ वळते तिथं लाकडाच्या रेघाही वळायला पाहिजेत. नाहीतर पहिल्यांदा हातातनं पडलं की तिथंच मोडणार."

"हातात कोण धरतंय? भिंतीवर टांगणार आहेत."

"खिळ्यावरनं पडेल की."

"ते मात्र खरं. थोरल्याकडं खिळेसुद्धा दुसऱ्यानं ठोकावे लागतात."

मग भेगेच्या बाजूला लावून बघितलं. भेग वरून दिसते त्याहून खोल असते, म्हणून तिथून बोटभर अंतर सोडावं लागतं. तेवढं सोडलं तर मूठ फळीबाहेर जात होती. जळक्या कडेचं काळं मी रंध्याने काढलं, खाली चांगलं लाकूड निघालं, पण तिथे कडीचं भोक आडवं आलं. नमुना फिरवत राहिले. अक्कासाहेब मधूनमधून सांगत होत्या. पिस्तुलावर कुठे काय आहे ते त्यांना पाठ होतं.

"चापाच्या बाजूला हा जो खड्डा आहे ना, तो माझ्या हातनं पडला. खोबरेल लावताना फरशीवर आपटलं होतं. आबासाहेबांना अजून ठाऊक नाही." मग स्वतःशीच म्हणाल्या, "आता काय ठाऊक होणार."

"तुम्ही पुसायच्या?"

"दर दसऱ्याला. पुसायचं काम मुलीचं, पूजा करायचं मुलांचं. त्यांनी ते हळदकुंकवाखेरीज कधी धड बघितलंसुद्धा नाही. म्हणून तर म्हणते, ओळखणार नाहीत."

शेवटी राहिली गाठ. गाठीजवळ कुणी काम मांडत नाही, पटाशी उडते. पण मी वाकून पाहिलं, तर हिरण्यकेशीच्या पाण्यात मोठा धोंडा असला की पाणी जसं सरळ येऊन त्याला वळसा घालतं, तशा रेघा सरळ येऊन गाठीला वळसा घालत होत्या. मी नमुना तिथे सरकवला. नळीची बाजू सरळ रेघांवर, मूठ वळशावर, गाठ अगदी बाहेर. मुठीचा बाक आणि रेघांचा बाक एकमेकांवर असे बसले, की ते झाड या दस्त्यासाठीच वाकडं वाढलं असावं असं वाटलं. कडीचं भोकही चापाची पेटी बसते तिथेच येत होतं. तिथलं लाकूड असंही कोरून काढायचं असतं.

"बसलं," मी म्हटलं आणि पांढऱ्या पेन्सिलीने कडेने रेघ ओढली.

अक्कासाहेब उठल्या. त्यांनी माझ्या हातातून नमुना घेतला, उलटा केला, खालचं वर फिरवला आणि गाठीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. खोक्यात चपला ठेवतात तसा, एकीचं टोक इकडे, दुसरीचं तिकडे.

"आणि इथं?"

तिथेही रेघा तशाच वळत होत्या. मध्ये करवतीपुरती जागा राहत होती, थोडी जास्तच.

"इथंही बसतं," मी म्हटलं. "पण तुम्ही एकच म्हणाला होता."

"भावांच्या देखत एकच म्हणाले होते."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या फळीकडे बघत होत्या. कानस थांबल्याचं मला ऐकू आलं, म्हणजे रंगरावही ऐकत होते.

"लाकूड कशाला वाया घालवायचं," रंगराव म्हणाले. त्या वर्षात त्यांनी आपणहून काढलेलं ते बहुधा पहिलंच मत.

मी दुसरीही रेघ ओढली.

जाताना अक्कासाहेब उंबऱ्यात थांबल्या. "भाऊ येतील. वेगवेगळे येतील. जे मागतील त्याला नाही म्हणू नका."

आधी उदाजीराव आले, जीपमधून. सफारी घातली होती. पंचक्रोशीतल्या जेवढ्या संस्थांना अध्यक्ष लागतो तेवढ्यांचे ते अध्यक्ष होते. त्यांनी दुकानाचा दरवाजा स्वतःच्या हाताने लोटून घेतला.

"रंगराव, घराण्याचा प्रश्न आहे."

रंगरावांनी माझ्याकडे बोट केलं. "लाकडाकडचं त्या बघतात."

उदाजीरावांना एवढा नाजूक विषय बाईशी बोलायचा प्रसंग बहुधा पहिल्यांदाच आला असावा. "हे बघा वहिनी, मला स्वतःसाठी काही नको. पण पूर्वजांची वस्तू थोरल्या घरात राहावी अशी रीत आहे. धाकटा पोरकट आहे. उद्या लग्नाच्या वरातीत नाचवेल. तर एवढंच करायचं, जे खरं असेल त्याच्या मुठीच्या पितळी टोपीवर, कडेला, एक बारीक टिंब. सुईच्या टोकाएवढं."

"आणि अक्कासाहेबांना कळलं तर?"

"अक्का भोळी आहे," ते म्हणाले. "तिला कशातलंच काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस गुळाची ढेप ठेवून गेला.

हिंदुराव बुलेटवर आले. मिशा त्यांच्या आधी दुकानात शिरल्या. त्यांनीही दरवाजा लोटून घेतला.

"वहिनी, मी स्पष्ट माणूस आहे. दादाला इतिहास म्हणजे सत्काराचा नारळ. ती वस्तू त्याच्याकडं गेली की संस्थेच्या कपाटात, ढालींच्या शेजारी. आबासाहेबांचा आत्मा तळमळेल. जे खरं असेल त्याच्या गजाच्या खोबणीत आतनं एक रेघ मारा. नखानं मारावी तशी."

"अक्कासाहेबांनी विचारलं तर काय सांगू?"

"अक्काला काय सांगायचं? ती गरीब आहे बिचारी."

त्यांच्याकडून आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आला. त्या हिवाळ्यात आमच्या घरी गुळाची खीर बऱ्याचदा झाली.

दस्ते कापले, कोरले, घासले. फळीत जे रेघांनी बसवलं होतं ते पटाशीखाली कुठेही फुटलं नाही. रंगरावांनी नळ्या आणि घोडे केले, गंज आणला, पुसला, पुन्हा आणला. नळ्यांत शिसं ओतलं. अक्कासाहेब अधूनमधून येत, खुर्चीत बसून आपला खड्डा नेमका कुठे पाडायचा ते सांगत. शेवटचा हात म्हणून मी एकाच्या टोपीवर टिंब दिलं आणि दुसऱ्याच्या खोबणीत रेघ ओढली.

निवडीचा कार्यक्रम आमच्याच दुकानात झाला, कारण दुसरी कुठलीही जागा दोघांनाही मान्य होईना. पंच म्हणून गावचे दोन म्हातारे आले होते, नानू पाटील आणि कुलकर्णी अण्णा. बाकावर मखमल अंथरली, दोन पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली. अक्कासाहेब कोपऱ्यात त्याच लोखंडी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर बाजाराची पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती.

आधी कुणी उचलायचं यावरून वाद सुरू झाला.

"मी थोरला."

"थोरल्यानं धाकट्याला आधी देण्याची रीत आहे."

"रीत आता आठवली का? झोपाळ्याच्या वेळी कुठं होती?"

"झोपाळा कुणी जाळला?"

नानू पाटलांनी डोक्याला हात लावला. कुलकर्णी अण्णा झोपल्यासारखे दिसत होते. अक्कासाहेब शांतपणे म्हणाल्या, "दोघांनी एकदमच उचला. एकाच वस्तूवर हात पडला तर बघू पुढं काय करायचं ते."

दोघांनी आधी दोन्ही पिस्तुलं उलटीसुलटी करून निरखली. उदाजीराव टोप्या बघत होते आणि पूर्वजांना नमस्कार करतोय असं दाखवत होते. हिंदुराव गज बाहेर काढून फुंकर मारत होते. मग दोघे मागे सरले. नानू पाटलांनी टाळी वाजवली आणि दोन हात पुढे आले.

उदाजीरावांचा हात डावीकडच्यावर पडला आणि हिंदुरावांचा उजवीकडच्यावर. मध्ये वीतभर अंतर राहिलं.

नानू पाटलांनी दोन्ही हात कानांना लावले. "ग्रामदेवीची कृपा," ते म्हणाले. आपापलं पिस्तूल छातीशी धरून दोन भाऊ एकमेकांकडे बघत होते, आणि वाटण्या झाल्यापासून त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा काहीतरी चांगलं पाहिलं. दया होती ती. दोघांच्याही तोंडावर, अगदी सारखी.

"बरोबर ना रे?" उदाजीराव मऊ आवाजात म्हणाले. "तुझ्या मनासारखं झालं ना?"

"झालं, दादा. तुमच्या?"

"माझं काय. मिळालं ते गोड मानायचं."

ते गेल्यावर मी दार लावलं. अक्कासाहेब खुर्चीतून उठल्या नव्हत्या.

"आणि तिसरं?" मी विचारलं.

त्यांनी मेथीची जुडी बाजूला केली. खाली, कोथिंबिरीच्या पेंडीला टेकून, किल्लेदारांचं पिस्तूल होतं. सगळा वेळ ते दोघांपासून चार हातांवर होतं.

"सही घेतली तेव्हा मला इरकल नेसवली होती," त्या म्हणाल्या. "चांगली होती. दुसऱ्या धुण्यात रंग गेला. सगळं सोडलं मी, वहिनी. जमीन सोडली, घर सोडलं. पुसलं मी, खड्डा मी पाडला. एवढं एक सोडलं नाही."

"मग सरळ मागायचं होतंत."

"मागितलं असतं तर दोघं एक झाले असते, माझ्याविरुद्ध." त्या जरा हसल्या, मग हसू गेलं. "तेवढ्यासाठी केलं नाही पण हे. पिस्तूल काय, माझ्याकडंच होतं, दडवून ठेवलं असतं. थोरला म्हणतो, त्याच्या दारात गेलीस तर माझ्याकडं येऊ नको. धाकटा म्हणतो, त्याच्याकडं पाणी प्यालीस तर मला विसर. दर दिवाळीला मी घरात बसून असते, कुणाकडं जाऊ ते ठरत नाही. भावजयांनी ओटी भरून किती वर्षं झाली. मला माहेर पाहिजे होतं हो. एक पुरतं. अर्धं अर्धं नको."

रंगरावांनी त्यांच्यासाठी चहा केला. त्यांना चहा करता येतो हे मलाही तेव्हाच कळलं.

काही वर्षांनी भाऊबिजेला अक्कासाहेबांनी मला घरी बोलावलं. दिवाणखान्यात दोन्ही भाऊ होते, दोन्ही भावजया होत्या, मुलं फटाके लावत होती. ओवाळणं झालं. हिंदुराव मला बाल्कनीत गाठून म्हणाले, "वहिनी, तुमचे उपकार. पण दादाचं वाईट वाटतं हो. रोज उदबत्ती लावतो त्या नकलीला. मी म्हटलं, विहिरीची माझी पाळी घ्या, तुमचा ऊस वाळतोय. माझ्यानं बघवेना."

थोड्या वेळाने उदाजीरावांनी मला जिन्यात थांबवलं. "धाकट्यानं त्या खेळण्यासाठी काचेची पेटी केलीय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. कसंतरी होतं मनाला. त्याच्या पोराला आमच्या संस्थेत लावून घेतलं. एवढं तरी करायला नको का?"

मी आत गेले. अक्कासाहेब करंज्या ताटात मांडत होत्या.

"दोघांनाही कधी खरं सांगायचं नाही?" मी हळूच विचारलं.

"आठवड्यातनं एकदा येतात. एकटा एकटा आला की दुसऱ्याची कीव करत बसतो, माझ्यापाशी. म्हणतात, अक्का, त्याला सांभाळून घे." त्यांनी एक करंजी माझ्या हातात दिली. "एवढं प्रेम त्यांना खऱ्यानं जमलं असतं का?"

संध्याकाळी पाहुणे निघाले. एकच गाडी आली होती, उदाजीरावांची. हिंदुराव मागचं दार उघडून आत बसायला लागले, तर उदाजीरावांनी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

"तू पुढं बस. मागं गचके बसतात."

"नाही दादा, तुम्ही बसा. तुमची कंबर."

"माझ्या कंबरेला काय झालंय? बस म्हणतो ना."

"तुम्ही बसल्याशिवाय मी बसणार नाही."

भावजया केव्हाच मागे बसल्या होत्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तो बिडी पेटवायला खाली उतरला. अक्कासाहेब माझ्या शेजारी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. गाडी निघेपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे बघायचं टाळलं.